फाइल सर्व्हर संथ का चालतो? दोष केबलचा, डिस्कचा, फाइलसिस्टीमचा की सांबाचा, हे शोधण्याच्या पायऱ्या

नेटवर्कवरच्या शेअरमध्ये फाइल टाकली आणि प्रगतीची पट्टी जागची हलेना, की बहुतेक जण लगेच सांबाच्या (लिनक्सवरून विंडोजच्या पद्धतीने फाइल शेअर करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) कॉन्फिगरेशनमध्ये शिरतात. कुठूनतरी मिळालेल्या दहा ओळी तिथे चिकटवल्या जातात, सेवा रीस्टार्ट होते आणि वेग तेवढाच राहतो. कारण दोष बऱ्याचदा तिथे नसतोच. फाइल तुमच्या संगणकावरून निघून सर्व्हरच्या डिस्कवर टेकेपर्यंत नेटवर्क कार्ड, केबल, स्विच, सर्व्हरचं कार्ड, सांबा किंवा एनएफएस (लिनक्स-युनिक्समधली फाइल शेअर करण्याची पद्धत), फाइलसिस्टीम (डिस्कवर फाइल मांडून ठेवण्याची व्यवस्था), रेड (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची रचना) आणि शेवटी डिस्क असा प्रवास करते. यातला सर्वांत संथ टप्पा एकूण वेग ठरवतो. म्हणून प्रत्येक टप्पा सुटा मोजायचा आणि आकडे हातात आल्याशिवाय एकही सेटिंग बदलायची नाही.

खालच्या पायऱ्या लिनक्स सर्व्हर गृहीत धरून दिल्या आहेत. कमांड आणि पर्याय उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच ते रोमन अक्षरांत टाइप करायचे.

पायरी १: तक्रार नेमकी करा

‘सर्व्हर स्लो आहे’ एवढ्यावरून काहीच शोधता येत नाही. आधी पाच गोष्टी लिहून काढा. वाचताना संथ की लिहिताना? एक मोठी फाइल की हजारो छोट्या? सगळ्या संगणकांवरून की एकाच? सुरुवातीपासून संथ की जोरात सुरू होऊन मग कोसळतो? आणि कायम असं होतं की ठरावीक वेळीच?

मग ५ ते १० जीबीची एकच फाइल कॉपी करून वेग बघा. इथे मेगाबिट आणि मेगाबाइट यांत गल्लत करू नका. नेटवर्कचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइलचा मेगाबाइटमध्ये. ८ बिटांचा एक बाइट. म्हणजे १ गिगाबिटच्या जोडणीची कागदोपत्री कमाल सेकंदाला १२५ एमबी, आणि हेडर वगैरेंचा भार वजा जाता प्रत्यक्षात ११० ते ११५ एमबी.

काही आकडे दिसले की निदान जवळपास तिथेच होतं. सेकंदाला ११ ते १२ एमबीवर वेग अडकला असेल, तर कुठली तरी जोडणी १०० मेगाबिटवर उतरली आहे. ३५ ते ४० वर अडकला असेल आणि डिस्क यूएसबीवर असेल, तर ती यूएसबी २ च्या वेगाने चालते आहे: पोर्ट जुना आहे किंवा केबल चुकीची. ‘एलएसयूएसबी -टी’ चालवा. डिस्कसमोर ५०००एम ऐवजी ४८०एम दिसलं की खात्री झाली. आणि ११२ एमबी मिळत असतील तर गिगाबिटचा सर्व्हर अगदी ठणठणीत आहे. त्याहून जास्त हवं असेल तर २.५ किंवा १० गिगाबिटचं कार्ड आणि तसाच स्विच लागेल. कुठल्याही सेटिंगने ती भिंत ओलांडता येत नाही.

पायरी २: नेटवर्क सुटं मोजा

यासाठी आयपर्फ३ वापरा. हे साधन डिस्कला हातच लावत नाही, मेमरीतला डेटा नेटवर्कवर ढकलतं. सर्व्हरवर ‘आयपर्फ३ -एस’ आणि क्लायंटवर, म्हणजे सर्व्हर वापरणाऱ्या संगणकावर, ‘आयपर्फ३ -सी’ व पुढे सर्व्हरचा पत्ता. फायरवॉलमध्ये ५२०१ क्रमांकाचा पोर्ट उघडा ठेवा. पहिल्या चाचणीत डेटा क्लायंटकडून सर्व्हरकडे जातो. नंतर ‘-आर’ जोडून उलट दिशेने मोजा. ही दुसरी चाचणी टाळू नका, कारण खराब केबल किंवा बिघडलेला ड्रायव्हर पुष्कळदा एकाच दिशेला मारतो.

गिगाबिटवर ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा आला की नेटवर्क निर्दोष समजा आणि पुढच्या पायरीला लागा. ९४ च्या आसपास आला तर सर्व्हरवर ‘ईथटूल’ कमांडला कार्डाचं नाव देऊन ‘स्पीड’ आणि ‘डुप्लेक्स’ (डेटा दोन्ही दिशांनी एकाच वेळी जातो की आळीपाळीने) या ओळी बघा. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. त्यामुळे एका जोडीची एखादी तार तुटली किंवा प्लगमध्ये नीट बसली नाही, तरी जोडणी बंद पडत नाही. गुपचूप १०० वर उतरते आणि दिवाही चालूच राहतो. केबल बदला, स्विचचा पोर्ट बदला, पुन्हा मोजा. वेग हाताने १००० वर बांधण्याच्या भानगडीत पडू नका. तांब्याच्या केबलवर गिगाबिटला ऑटो-निगोशिएशन (दोन्ही टोकांनी वेग आपसात ठरवणं) लागतंच, आणि एका टोकाला बंद व दुसऱ्या टोकाला चालू ठेवलं तर डुप्लेक्स जुळत नाही आणि वेग आणखी ढासळतो.

मधलाच, कमी-जास्त होणारा आकडा आला तर ‘ईथटूल -एस’ मधले सीआरसी त्रुटींचे (वाटेत बिघडलेल्या डेटाचे) आकडे मोठी फाइल कॉपी करताना पाहा. ते वाढत असतील तर दोष केबलचा किंवा पोर्टचा. क्लायंट वायफायवर असेल तर आधी त्याला केबल लावा. वायफायवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं आणि वेग जागेप्रमाणे बदलतो, त्यामुळे वायफायवरून घेतलेल्या मापावर सर्व्हरबद्दल काहीच ठरवता येत नाही.

जंबो फ्रेमबद्दल एक इशारा. एमटीयू (एका पाकिटात जाणारे कमाल बाइट) १५०० वरून ९००० केल्याने, म्हणजेच जंबो फ्रेम वापरल्याने, गिगाबिटवर फायदा जेमतेम असतो, पण मार्गातलं एखादं उपकरण १५०० वरच राहिलं तर विचित्र लक्षण दिसतं: फोल्डर उघडतो, छोट्या फाइल जातात आणि मोठी फाइल सुरू होताच सगळं थिजतं. तपासायचं तर तुकडे न करण्याच्या अटीसह ८९७२ बाइटचा पिंग पाठवा. लिनक्सवर ‘पिंग -एम डू -एस ८९७२’, विंडोजवर ‘पिंग -एफ -एल ८९७२’. ९००० मधून हेडरचे २८ बाइट वजा केले की ८९७२ उरतात. उत्तर आलं नाही तर सगळीकडे १५०० करा.

पायरी ३: सर्व्हरवर बसून डिस्क मोजा

आता नेटवर्क बाजूला ठेवा आणि सर्व्हरवरच, शेअर ज्या फोल्डरवर आहे तिथेच, वेग मोजा. इथे नवख्यांना फसवणारे तीन सापळे आहेत.

पहिला रॅमचा. लिनक्स लिहिलेला डेटा आधी मेमरीत ठेवतो आणि सावकाश डिस्कवर उतरवतो. ‘डीडी’ या कॉपी करणाऱ्या कमांडने १ जीबी लिहून सेकंदाला २ जीबीचा वेग दिसला तर तो रॅमचा वेग आहे. ‘डीडी’ला ‘कॉन्व्ह=एफडेटासिंक’ द्या, म्हणजे डेटा खरोखर डिस्कवर पोचेपर्यंत घड्याळ थांबत नाही. वाचनाच्या चाचणीसाठी फाइल रॅमच्या दुप्पट मोठी घ्या.

दुसरा कॉम्प्रेशनचा. ‘/डेव्ह/झिरो’मधून येणारी शून्यं झेडएफएस किंवा बीटीआरएफएस या फाइलसिस्टीम कॉम्प्रेशन चालू असताना जवळपास नाहीशी करून टाकतात. डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही आणि आकडा मात्र देखणा येतो. अशा ठिकाणी ‘एफआयओ’ हे डिस्क मोजण्याचं साधन वापरा.

तिसरा सापळाही झेडएफएसचाच. एफआयओमध्ये ‘डायरेक्ट=१’ दिलं की कॅश वगळली जाते, हे ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या फाइलसिस्टीमवर खरं आहे. ओपनझेडएफएसमध्ये (लिनक्सवर चालणाऱ्या झेडएफएसमध्ये) ही सोय २.३ आवृत्तीपासून आली. त्याआधीच्या आवृत्त्या तो पर्याय निमूट स्वीकारतात आणि कॅशमधूनच वाचतात. तिथे मोठी फाइल हाच उपाय.

दोन चाचण्या पुरतात: १ एमबी ब्लॉकने सलग लेखन-वाचन आणि ४के ब्लॉकने विखुरलेलं वाचन. ७२०० फेऱ्यांची एक हार्ड डिस्क सलग कामात सेकंदाला १५० ते २५० एमबी देते (आतल्या वर्तुळांवर, म्हणजे डिस्क भरत आल्यावर, साधारण निम्मं), पण विखुरलेल्या कामात सेकंदाला ७५ ते १५० वेळाच डोकं हलवू शकते. ४के ने गुणा: सेकंदाला जेमतेम ०.३ ते ०.६ एमबी होतात. डिस्क खराब नसताना सर्व्हर संथ वाटण्यामागे सर्वांत जास्त वेळा हाच फरक असतो.

नेहमीचं काम चालू असताना दुसऱ्या खिडकीत ‘आयोस्टॅट -एक्स १’ लावून ठेवा. ‘आर-अवेट’ आणि ‘डब्ल्यू-अवेट’ हे प्रत्येक मागणीला लागलेले मिलिसेकंद आहेत. हार्ड डिस्कला १० ते २० ठीक. सतत शेकड्यांत असतील तर ती बुडाली आहे. अ‍ॅरेमधल्या चार डिस्क १५ वर आणि एकच ४०० वर असेल, तर ती एक डिस्क सगळ्यांना अडवते आहे. तिच्यावर ‘स्मार्टसीटीएल -ए’ चालवून १९७ क्रमांकाचा, म्हणजे प्रलंबित सेक्टरांचा, आणि १९९ क्रमांकाचा, म्हणजे सीआरसी त्रुटींचा, आकडा बघा. १९७ शून्यापेक्षा जास्त असेल तर डिस्क बदलण्याची तयारी करा. १९९ वाढत असेल तर आधी साटा केबल बदला. ‘युटिल’च्या टक्क्यांवर मात्र फार भरवसा ठेवू नका. एसएसडी आणि रेड एकाच वेळी अनेक मागण्या हाताळतात, त्यामुळे १०० टक्के दिसूनही त्यांच्यात दम शिल्लक असू शकतो.

लिहिताना सुरुवातीचे बरेच जीबी झपाट्याने जाऊन मग वेग १०-२० एमबीवर कोसळत असेल, तर डिस्कचा मॉडेल क्रमांक काढून ती एसएमआर प्रकारची आहे का ते उत्पादकाच्या माहितीपत्रकात शोधा. अशा डिस्कमध्ये लेखनाच्या पट्ट्या एकमेकींवर चढलेल्या असतात, त्यामुळे एका पट्टीतला बदल म्हणजे शेजारच्या अनेक पट्ट्या पुन्हा लिहिणं. राखीव कॅश भागात जागा असेपर्यंत हे कळत नाही. बॅकअपला त्या चालतील, पण रेड किंवा झेडएफएसच्या पूलमध्ये (डिस्कच्या एकत्रित साठ्यात) घालू नका. बदललेली डिस्क पुन्हा भरताना दिवसच्या दिवस जातात. स्वस्त एसएसडीतही लेखनाची जलद कॅश संपली की असाच उतार दिसतो.

आणि तक्रार ‘ठरावीक रविवारीच’ अशी असेल तर डेबियन-उबुंटूवर एमडी रेडची (लिनक्सच्या स्वतःच्या रेडची) मासिक तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी सुरू होते आणि झेडएफएसचा स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) दुसऱ्या रविवारी. ‘/प्रॉक/एमडीस्टॅट’ आणि ‘झेडपूल स्टेटस’ बघा. काम आपोआप संपतं. ते बंद करू नका, वेळ हवी तर बदला.

पायरी ४: फाइलसिस्टीमप्रमाणे वेगळं निदान

डिस्क सुटी मोजल्यावर चांगली, पण तिच्यावरच्या फोल्डरमध्ये वेग नाही, असं दिसलं तरच इथे या.

ईएक्सटी४ क्वचितच दोषी असते. एक गोष्ट मात्र नवीन सर्व्हर उभारणाऱ्याला हमखास चकवते. फॉरमॅट काही सेकंदांत आटोपतं, कारण आयनोड तक्ते (फाइलच्या नोंदी ठेवण्याची जागा) त्या वेळी पूर्ण लिहिलेच जात नाहीत. पहिल्यांदा माउंट केल्यावर ‘ईएक्सटी४लेझीइनिट’ नावाचा कर्नल थ्रेड ते मागे बसून लिहितो. मोठ्या डिस्कवर यात बराच वेळ जातो, डिस्कचा दिवा लुकलुकत राहतो आणि मापं कमी येतात. ‘आयोटॉप’मध्ये तो थ्रेड दिसला तर थांबा, तो संपल्यावर मोजा. नंतरच्या काळात मुख्य शत्रू म्हणजे भरलेली डिस्क: ९० टक्क्यांच्या वर गेलं की सलग मोकळी जागा मिळेनाशी होते आणि मोठ्या फाइलचे तुकडे पडतात. ‘फाइलफ्रॅग’ने संथ वाचल्या जाणाऱ्या फाइलचे तुकडे मोजा. दहा-वीस असतील तर सोडून द्या, हजारोंनी असतील तर जागा मोकळी करून ती फाइल नव्याने कॉपी करा.

एक्सएफएस मोठ्या फाइल आणि एकाच वेळी लिहिणारे अनेक लोक यांच्यासाठी उत्तम. हार्डवेअर रेड कंट्रोलरवर असेल तर ‘एक्सएफएस-इन्फो’मध्ये ‘एसयुनिट’ आणि ‘एसविड्थ’ तपासा. लिनक्सच्या स्वतःच्या एमडी रेडची पट्टी (सगळ्या डिस्कवर मिळून एका फेरीत पसरणारा डेटा) एक्सएफएस फॉरमॅट करताना ओळखते, पण कंट्रोलरची माहिती तिला मिळत नाही अशी शक्यता असते. शून्य दिसलं तर रेड ५ व ६ वर बरीच लेखनं अर्धवट पट्टीची होतात, आणि रेड ५ वर छोटं लेखन म्हणजे जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (डिस्क गेल्यास डेटा परत मिळवून देणारी बेरीज) वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा: एकाच्या जागी चार कामं.

झेडएफएसवर थोडं थांबावं लागेल, कारण तिथे संथपणाची कारणं अनेक आहेत आणि चुकीचा उपाय महागात पडतो.

कॉपी चालू असताना सर्व्हरवर ‘झेडपूल आयोस्टॅट -व्ही -एल १’ लावा. काही सेकंद डिस्कवर जवळपास शांतता, मग लेखनाचा लोंढा, पुन्हा शांतता, असा ताल दिसेल. हा बिघाड नव्हे. झेडएफएस लेखनं मेमरीत गोळा करते आणि साधारण दर ५ सेकंदांनी, किंवा त्याआधीच पुरेसा डेटा जमला तर, एकत्र उतरवते. मात्र लोंढा पुढच्या गटाच्या आत संपत नसेल तर झेडएफएस येणाऱ्या लेखनांना मुद्दाम उशीर लावते. क्लायंटवर वेगाची आलेख-रेषा करवतीच्या दातांसारखी दिसते. म्हणजे पूलला तो वेग झेपत नाही. याच कमांडमध्ये प्रत्येक डिस्कचा विलंबही दिसतो, मागे पडलेली एकटी डिस्क इथे लगेच पकडता येते.

पुढे ‘झेडपूल लिस्ट’. ‘कॅप’ ८० टक्क्यांच्या पुढे असेल तर वेग उतरू लागतो आणि ९० नंतर वाईटच. शेजारचा ‘फ्रॅग’ हा आकडा फाइलच्या तुकड्यांचा समजला जातो. तो मोकळ्या जागेच्या तुकड्यांचा आहे. जागा करायची तर आधी जुने स्नॅपशॉट (त्या-त्या क्षणी गोठवून ठेवलेल्या प्रती) बघा, नुसत्या फाइल पुसून काही सुटत नाही.

एनएफएसवर किंवा मॅकच्या बॅकअपला लेखन कमालीचं संथ, पण विंडोजवरून साधी कॉपी ठीक, असं असेल तर संशय सिंक लेखनावर धरा. एनएफएसचा क्लायंट ‘खरंच डिस्कवर गेलं का?’ असं विचारतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. खात्री करायची रीत अशी: एक रिकामा चाचणी डेटासेट (पूलमधला स्वतंत्र सेटिंगचा भाग) बनवा, फक्त त्यावर ‘सिंक=डिसेबल्ड’ लावा आणि तीच कॉपी पुन्हा करा. वेग कित्येक पटींनी उसळला तर निदान पक्कं. मग तो डेटासेट काढून टाका. खऱ्या डेटावर हे सेटिंग लावण्याचा सल्ला आम्ही कधीच देणार नाही. वीज गेली तर शेवटच्या काही सेकंदांचा डेटा जातो, आणि क्लायंटला मात्र तो सुखरूप असल्याचं सांगून झालेलं असतं. डेटाबेस आणि व्हर्च्युअल मशीन यातूनच बिघडतात. खरा उपाय म्हणजे वीज गेल्यावरही डेटा राखणारे कपॅसिटर असलेली एसएसडी एसएलओजी (सिंक लेखनाची वेगळी नोंदवही) म्हणून जोडणं. तिच्यात फक्त काही सेकंदांचा डेटा राहतो, त्यामुळे १० गिगाबिटच्या जोडणीलाही १६ ते २० जीबी पुरतात. उलट तक्रार साध्या विंडोज कॉपीची असेल तर एसएलओजीने काडीचा फरक पडणार नाही, कारण ती लेखनं सहसा सिंक नसतातच.

रेडझेडमध्ये (झेडएफएसच्या पॅरिटीवाल्या रेडमध्ये) कितीही डिस्क असोत, विखुरलेल्या कामात एक व्हीडेव्ह (पूलमधला डिस्कचा एक गट) साधारण एकाच डिस्कइतकं चालतं. सहा डिस्कचा एक रेडझेड२ चित्रपट साठवायला छान, व्हर्च्युअल मशीनना संथ. त्याच सहा डिस्कच्या तीन मिरर जोड्या लिहायला तिप्पट आणि वाचायला त्याहून जलद. ‘रिकॉर्डसाइज’, म्हणजे फाइलच्या एका तुकड्याचा कमाल आकार, मूळचा १२८के असतो. डेटाबेस १६के च्या तुकड्यात बदल करत असेल तर दर वेळी १२८के वाचून पुन्हा लिहावे लागतात, म्हणून त्याच्या डेटासेटला १६के द्या. मोठ्या माध्यम-फाइलना १एम. बदल नव्याने लिहिलेल्या फाइलनाच लागू होतो. ‘अ‍ॅशिफ्ट’ (डिस्कचा सेक्टर किती मोठा धरायचा ते सांगणारा आकडा) मात्र व्हीडेव्ह बनवतानाच ठरतो: ४के सेक्टरच्या डिस्कवर तो ९ पडला असेल तर पूल नव्याने बांधण्याशिवाय मार्ग नाही. १२ असायला हवा. डीडुप्लिकेशन (सारखा डेटा एकदाच ठेवणं) चालू असेल तर बंद करा, पण आधी लिहिलेल्या डेटाचा तक्ता तसाच राहतो हे ध्यानात ठेवा.

बीटीआरएफएसवर आधी ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टीम युसेज’ चालवा. ‘अनअलोकेटेड’ संपत आलं असेल तर ‘बॅलन्स’ला ‘-डीयुसेज=५०’ देऊन अर्धे रिकामे गठ्ठे एकत्र करा. स्नॅपशॉट शेकड्यांनी आणि वर कोटा चालू, ही जोडी दर थोड्या वेळाने सगळं गोठवते. कोट्याची गरज नसेल तर ‘बीटीआरएफएस कोटा डिसेबल’. व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क-फाइल आणि डेटाबेस यांचे कॉपी-ऑन-राइटमुळे (बदल जुन्या जागी न लिहिता नव्या जागी लिहिण्यामुळे) लाखभर तुकडे होऊ शकतात. त्यांच्यासाठी नवा फोल्डर करा, त्यावर ‘चॅटर +सी’ लावा आणि मग फाइल त्यात कॉपी करा. आधीच भरलेल्या फाइलवर हा गुण लावून उपयोग नाही, आणि लावल्यावर त्या फाइलची चेकसम तपासणी (डेटा बिघडला का ते पाहणारी) व कॉम्प्रेशन दोन्ही जातात, हेही मान्य करूनच लावा. कॉम्प्रेशन चालू असताना ‘फाइलफ्रॅग’चा आकडा बघून घाबरू नका, दाबलेला प्रत्येक तुकडा जास्तीत जास्त १२८के चा असल्याने तो फुगून दिसतो. आणि सरसकट डीफ्रॅग चालवू नका: स्नॅपशॉटशी वाटून घेतलेला डेटा सुटा होतो आणि जागा अचानक संपते.

विंडोजवरून काढलेली एनटीएफएस डिस्क तशीच सर्व्हरला लावली असेल तर ‘माउंट’च्या यादीत तिच्यासमोर ‘फ्यूजब्लॉक’ लिहिलं आहे का बघा. असेल तर ती एनटीएफएस-३जी या कर्नलबाहेरच्या ड्रायव्हरने चालते आहे आणि कमी ताकदीच्या सर्व्हरवर प्रोसेसरच आडवा येतो. कर्नल ५.१५ पासून ‘एनटीएफएस३’ हा कर्नलमधला ड्रायव्हर आहे. पण डिस्क कायम सर्व्हरवरच राहणार असेल तर डेटा दुसरीकडे हलवून ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस करणं चांगलं. क्लायंट विंडोजचे असले तरी काही बिघडत नाही. त्यांना शेअर दिसतो, आतली फाइलसिस्टीम दिसत नाही.

पायरी ५: सांबा आणि एनएफएस

आता उरला तो प्रोटोकॉल. आधी ‘टेस्टपार्म -एस’ चालवून आजवर चिकटवलेल्या ओळी वाचा. ‘सॉकेट ऑप्शन्स’मध्ये ‘एसओ-आरसीव्हीबफ’ आणि ‘एसओ-एसएनडीबफ’ दिसले तर ती ओळच काढा. जुन्या काळचा हा सल्ला आज उलटतो: आकडा बांधून दिला की लिनक्स बफर आपोआप वाढवणं थांबवतो. ‘लॉग लेव्हल’ १० वर विसरून राहिला असेल तर १ करा.

मग ‘एसएमबीस्टेटस’. त्यात प्रत्येक जोडणीची आवृत्ती, एन्क्रिप्शन आणि सायनिंग (प्रत्येक संदेशावरची खात्रीची सही) दिसतं. एका क्लायंटचं काम प्रामुख्याने एकाच ‘एसएमबीडी’ प्रक्रियेवर पडतं, म्हणून ‘टॉप’मध्ये एकच ‘एसएमबीडी’ १०० टक्क्यांवर आणि बाकी कोअर रिकामे असं चित्र असेल तर अडथळा प्रोसेसरचा आहे. एन्क्रिप्शन आणि सायनिंग इथेच जाणवतात, विशेषतः एईएसची हार्डवेअर मदत नसलेल्या जुन्या प्रोसेसरवर. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो आणि एंटरप्राइझमध्ये सायनिंग मुळातच सक्तीचं आहे; अपडेटनंतर वेग घसरला असेल तर हे आधी तपासा. सायनिंग बंद करण्यापेक्षा सर्व्हरचा प्रोसेसर बदलणं आम्हाला जास्त योग्य वाटतं.

एकाच फोल्डरमध्ये पन्नास हजार फाइल आणि नवी फाइल टाकायला जीव जातो, अशी तक्रार असेल तर कारण अक्षरांच्या लहान-मोठेपणात आहे. विंडोजला रोमन नावातलं लहान आणि मोठं अक्षर एकच, लिनक्सला वेगळं. त्यामुळे नवी फाइल बनवण्याआधी तेच नाव वेगळ्या अक्षरांत आहे का, हे बघायला सांबाला फोल्डरमधली सगळी नावं चाळावी लागतात. प्रत्येक नव्या फाइलसाठी पन्नास हजार नावं. सर्वांत साधा उपाय म्हणजे महिन्याप्रमाणे किंवा क्रमांकाप्रमाणे उपफोल्डर करणं. ते शक्य नसेल तर सगळी नावं लहान अक्षरांत बदला आणि त्या शेअरवर ‘केस सेन्सिटिव्ह = येस’, ‘डीफॉल्ट केस = लोअर’, ‘प्रिझर्व्ह केस = नो’ आणि ‘शॉर्ट प्रिझर्व्ह केस = नो’ हे चारही एकत्र लावा. नावं न बदलता लावलं तर मोठ्या अक्षरांच्या फाइल विंडोजवरून सापडेनाशा होतील. झेडएफएसवर डेटासेट बनवतानाच ‘केससेन्सिटिव्हिटी=इन्सेन्सिटिव्ह’ देता येतं, नंतर नाही.

एनएफएसवर क्लायंटवर ‘एनएफएसस्टॅट -एम’ चालवून ‘आरसाइज’ आणि ‘डब्ल्यूसाइज’ बघा. लिनक्सवर ते १०४८५७६ पर्यंत जातात. कुणी जुन्या ‘एफएसटॅब’मध्ये ८१९२ लिहून ठेवलं असेल तर ते पुसा, दोन्ही टोकं स्वतःच ठरवतील. क्लायंट बरेच असतील आणि ‘एनएफएसडी’चे थ्रेड ८ वर असतील तर ३२ किंवा ६४ करा. १० गिगाबिटवर एकच जोडणी कमी पडत असेल तर कर्नल ५.३ पासूनचा ‘एनकनेक्ट’ पर्याय ४ ने सुरू करून पाहा. ‘एक्स्पोर्ट्स’मध्ये ‘सिंक’ बदलून ‘असिंक’ करणं म्हणजे वर झेडएफएसमध्ये सांगितलेलाच धोका.

पायरी ६: हजारो छोट्या फाइल

सगळी मापं चांगली येतात आणि तरी एखाद्या प्रकल्पाचा फोल्डर कॉपी व्हायला युगं लागतात, असं झालं की गणित मांडा. १०-१० केबीच्या १०,००० फाइल म्हणजे अवघे १०० एमबी, गिगाबिटवर एका सेकंदाचं काम. पण प्रत्येक फाइलसाठी उघडा, गुणधर्म विचारा, लिहा, वेळ नोंदवा, बंद करा अशा सात-आठ फेऱ्या होतात. केबलवर एक फेरी ०.३ मिलिसेकंदाची धरली तर ८ फेऱ्यांनी २४ सेकंद. वायफायवर ३ मिलिसेकंदाची धरली तर ४ मिनिटं. प्रत्येक फाइल हार्ड डिस्कवर सिंक होत असेल तर दर फाइलमागे १० मिलिसेकंद धरून आणखी १०० सेकंद. मोठी तार टाकून यात काही कमी होत नाही, कारण वेळ वाट पाहण्यात जातो.

म्हणून फेऱ्या कमी करा किंवा एकाच वेळी अनेक चालू ठेवा. विंडोजवर ‘रोबोकॉपी’ला ‘/एमटी:१६’ द्या. फोल्डर एकदाच हलवायचा असेल तर टार किंवा झिप करून एकच फाइल पाठवा आणि सर्व्हरवर जाऊन उघडा. क्लायंटवरचा अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडताना तपासतो, तो तेवढ्यापुरता थांबवून एकदा मोजा. फरक मोठा निघाला तर त्या शेअरपुरतं स्कॅनिंग कसं ठेवायचं ते ठरवा. फोल्डर उघडायलाच वेळ लागत असेल तर सर्व्हरचं नाव न देता आयपी पत्ता देऊन पाहा. पत्त्याने झटकन उघडला तर दोष नाव शोधण्याच्या व्यवस्थेत आहे, फाइल सर्व्हरमध्ये नाही.

आरसिंक या दोन ठिकाणच्या फाइल जुळवणाऱ्या साधनाबद्दल शेवटचं. शेअर माउंट करून त्यावर आरसिंक चालवला तर दोन्ही बाजू त्याला स्थानिकच वाटतात, म्हणून तो फरक काढण्याऐवजी बदललेली फाइल पूर्ण पाठवतो. आणि चेकसमची सक्ती केली तर पलीकडची प्रत्येक फाइल नेटवर्कवरून ओढून वाचतो. तोच आरसिंक एसएसएचवरून थेट सर्व्हरशी जोडा. मग फाइलची यादी आणि चेकसम सर्व्हर स्वतःच्या डिस्कवर काढतो आणि तारेवरून फक्त बदललेला भाग जातो.